झिंगे, जीवाणू आणि मोजमाप

(वर्धा येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्या सरांनी या जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात एका प्राण्याविषयी आणि त्याच्या पोटातल्या जीवाणूंविषयी बोलायला मिळतं आहे, याचा मला आनंद आहे. विषय आहे गोड्या पाण्यातल्या कोळंबीचे रोग आणि ते आवरण्यासाठी प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जीवाणू, कितपत उपयोगी पडतात हा. आपल्याकडे कोळंबीला झिंगा म्हणतात, मीही तेच म्हणेन.

वर्ध्याहून समुद्र कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. तरी झिंग्याची हकीकत समुद्राला वगळून सांगता येत नाही. आपली वर्धा नदी वैनगंगेला मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. गोदावरीतला मोठा झिंगा आणि शेततळ्यासाठी विकला जाणारा, व्यापारात स्कॅम्पी म्हणून ओळखला जाणारा मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी हे दोघे जवळचे नातलग. दोघेही गोड्या पाण्यात वाढतात, पण त्यांच्या अळ्या निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. अंड्यातून बाहेर पडलेली अळी गोड्या पाण्यातच राहिली तर काही दिवसांत मरते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने हे रहस्य उलगडलं, आणि थोड्याच वर्षांत हवाईमध्ये ताकुजी फुजिमुरा यांनी मोठ्या टाक्यांतून या अळ्या वाढवायची रीत बसवली. जगभरची झिंग्याची बीजकेंद्रं या दोघांच्या कामावर उभी आहेत.

वर्ध्याच्या कास्तकारासाठी याचा अर्थ सरळ आहे. रोहू-कटल्याचं बीज विदर्भात तयार होऊ शकतं. झिंग्याचं बीज मात्र जिथे खारं पाणी आहे तिथून, बहुतेक वेळा पूर्व किनाऱ्यावरून, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणावं लागतं. आणि त्या पिशवीत पिल्लांबरोबर रोगही येऊ शकतो.

सगळ्यांत भीती आहे ती पांढऱ्या शेपटीच्या रोगाची. १९९५ साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर तो प्रथम दिसला. भारतात तो २००१ साली, आंध्रच्या बीजकेंद्रांत आणि तळ्यांत आढळला. एक नोडाव्हायरस आणि त्याच्या सोबतीला राहणारा एक अतिसूक्ष्म विषाणू अशी ही जोडगोळी आहे. काचेसारखं पारदर्शक पिल्लू शेपटीकडून दुधाळ होत जातं, आणि पाच-सहा दिवसांत अख्खी टाकी मेलेली असू शकते. मोठ्या झिंग्याला यातलं काहीच होत नाही. तो विषाणू बाळगतो, धडधाकट दिसतो आणि अंड्यांवाटे तो पुढच्या पिढीला देतो. भारतातलं स्कॅम्पीचं उत्पादन २००५-०६ च्या सुमारास ४० हजार टनांच्या वर गेलं होतं, पुढच्या पाच-सहा वर्षांत ते दहाव्या हिश्श्याजवळ आलं. त्याला रोग हे एकच कारण नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या जनकांपासून बीज काढल्याने वाढ खुंटली होती, आणि २००९ पासून किनाऱ्यावरच्या तळेवाल्यांना व्हॅनामेई ही परदेशी कोळंबी मिळाल्यावर त्यांनी स्कॅम्पी सोडून दिला. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने २००७ पासून निवड पद्धतीने सुधारित स्कॅम्पी तयार करायचं काम हाती घेतलं, म्हणून आज या प्राण्याविषयी पुन्हा आशेने बोलता येतं.

आता प्रोबायोटिककडे येतो, आणि जे सर्वांत आधी सांगायला हवं ते सांगतो. पांढऱ्या शेपटीवर प्रोबायोटिक हे औषध नाही. त्या विषाणूवर कुठलंच औषध नाही. बीज घेण्याआधी त्याची पीसीआर तपासणी झाली आहे का हे विचारणं, ती नसेल तर बीज न घेणं, एवढाच उपाय आपल्या हातात आहे. दुकानदार पाकिटावर बोट ठेवून याने सगळे रोग जातात असं सांगू लागला, तर त्याला एवढाच प्रश्न विचारा: विषाणूसुद्धा?

मग जीवाणू उपयोगाचे कुठे? तळ्यातले बहुसंख्य त्रास विषाणूंचे नसतात. एरोमोनास, स्यूडोमोनास, व्हिब्रिओ या कुळांतले जीवाणू प्रत्येक पाण्यात असतातच. झिंगा सशक्त असेपर्यंत ते गप्प असतात. तळाशी उरलेलं खाद्य कुजलं, पहाटे प्राणवायू उतरला, अमोनिया चढला, किंवा कात टाकल्यानंतर अंग मऊ असताना दुसऱ्या झिंग्याने चावा घेतला, की हेच जीवाणू आत शिरतात. कवचावर काळे-तपकिरी डाग पडतात, मिशा आणि शेपटीचे पंखे झडतात, कल्ले काळवंडतात. हा गर्दीचा आणि घाणीचा रोग आहे, आणि इथे जीवाणूंची लोकसंख्या बदलून फरक पाडता येतो.

झिंग्याच्या बाबतीत हा मार्ग आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. माणसाच्या, गाईच्या, कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून त्यांना लस देता येते. झिंग्याच्या शरीरात प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. त्याच्याकडे जन्मजात संरक्षण असतं: जंतू गिळणाऱ्या रक्तपेशी आणि जखमेभोवती काळं रंगद्रव्य साचवून जंतूला कोंडून टाकणारी एक विकरांची साखळी. कवचावरचा काळा डाग म्हणजे अनेकदा त्याच लढाईची खूण असते. म्हणून आपण ज्या अर्थाने लसीकरण म्हणतो, ते झिंग्याला लागू पडत नाही. उरतात दोन वाटा. एक प्रतिजैविकांची. ती किती महागात पडते हे आपल्या निर्यातदारांनी या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिलं. नायट्रोफ्युरानचे अवशेष सापडल्याने युरोपात भारतीय कोळंबीचा माल अडला होता. त्याहून मोठी किंमत म्हणजे तळ्यात औषधाला निर्ढावलेले जंतू तयार होतात, आणि ते तळ्यापुरते राहत नाहीत. सेवाग्रामच्या रुग्णालयात ज्या रुग्णाला नेहमीचं औषध लागू पडत नाही त्याच्या नातेवाइकांना हा प्रश्न कळावा, इतका तो आपल्या जवळचा आहे. दुसरी वाट उपकारक जीवाणूंची.

या वाटेचा इतिहास थोडक्यात सांगतो. इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाला १९०८ साली नोबेल मिळालं ते जंतू गिळणाऱ्या पेशींच्या शोधासाठी. त्याच माणसाने आंबवलेल्या दुधातले जीवाणू आतड्याला हितकारक असतात हा विचार मांडला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली प्रोबायोटिकची जी व्याख्या केली तिच्यात दोन अटी आहेत: जीवाणू जिवंत हवेत आणि पुरेशा संख्येने हवेत. माझं आजचं सगळं म्हणणं या दुसऱ्या अटीभोवती आहे.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ. मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ सालची. तिथल्या वेंकट, साहू आणि जैन या संशोधकांनी स्कॅम्पीच्या पिल्लांवर लॅक्टोबॅसिलस गटातल्या जीवाणूंचा प्रयोग केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एका पद्धतीत जीवाणू खाद्यात मिसळले आणि दुसरीत आर्टेमिया नावाच्या बारीक जिवाला आधी ते जीवाणू खाऊ घालून तो आर्टेमिया पिल्लांना दिला. वाढ सुधारली, आणि पिल्लांच्या आतड्यात ज्या गटातून बहुतेक रोगकारक जीवाणू येतात तो गट आटला. त्यांनी वापरलेल्या दोन जीवाणूंपैकी एकाचं त्या वेळचं नाव लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस. त्याला आज बॅसिलस कोअॅग्युलन्स या नावाखाली जास्त लोक ओळखतात, आणि लहान मुलाला जुलाब लागले की डॉक्टर जी पूड देतात तिच्यात अनेकदा तोच असतो. कोचीच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली बॅसिलसबरोबर एक निरुपद्रवी व्हिब्रिओ देऊनही स्कॅम्पीची तग धरण्याची क्षमता आणि प्रतिकारशक्ती वाढल्याचं दाखवलं. व्हिब्रिओ म्हटलं की आपण दचकतो. एकाच कुळात मारणारा आणि तारणारा दोन्ही असू शकतात, हे त्या कामातून शिकण्यासारखं आहे.

बॅसिलस हे कूळ तर वर्ध्याला चांगलं परिचयाचं आहे. २००२ पासून आपण ज्या बीटी कपाशीचं बियाणं लावतो, त्यातलं बोंडअळीला मारणारं जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं. तळ्यात वापरतात तो बॅसिलस सबटिलिस त्याचा भाऊबंद. आणि त्याच घरातला बॅसिलस सेरियस माणसाला अन्नातून विषबाधा करतो, भारतातल्या व्हॅनामेई तळ्यांत तो रोगाचं कारण म्हणूनही नोंदला गेला आहे. म्हणून पाकिटावर नुसतं बॅसिलस लिहिलेलं पुरत नाही, पुढचं नाव हवं.

उपकारक जीवाणू नेमकं करतो काय? तो आतड्याच्या भिंतीवरची जागा अडवतो आणि रोगजंतूचं अन्न, विशेषतः लोह, आधी उचलतो. काही जंतूंना मारक अशी द्रव्यं तो सोडतो, आणि प्रथिनं व पिष्ट पचवणारी विकरं बनवून झिंग्याच्या पचनाला हातभार लावतो. एक काम मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. रोगजंतू एकटे-दुकटे असताना हल्ला करत नाहीत. ते रासायनिक इशारे सोडत राहतात, आणि इशाऱ्यांची दाटी झाली की आपली संख्या पुरेशी झाली असं जणू ठरवून सगळे मिळून विष सोडू लागतात. काही बॅसिलसांकडे असं विकर आहे जे हे इशारेच तोडून टाकतं. रोगजंतू मरत नाही, पण त्याला आपल्या फौजेचा पत्ता लागत नाही. २००० साली हे विकर सापडलं, आणि ज्यांनी प्रतिजैविकांच्या शर्यतीत जंतूच जिंकताना पाहिले आहेत त्यांना त्याचं मोल लगेच कळेल.

आता हिशेब करू. समजा शेततळ्यात १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी आहे. पाकिटावर लिहिलंय की एका ग्रॅममध्ये १०० कोटी जीवाणू. कास्तकार एक किलोचं पाकीट पाण्यात ओततो. एका मिलिलिटर पाण्यात किती जीवाणू आले? एक हजार. आणि तळ्याच्या पाण्यात आधीपासून किती असतात? एका मिलिलिटरमागे लाखांत, कधी दहा लाखांवर. म्हणजे लाखोंच्या वस्तीत हजार पाहुणे. तेही तळ्यात प्राणवायू कमी असेल, चार दिवसांपूर्वी ब्लीचिंग किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकलेलं असेल, तर हजारही उरत नाहीत.

तेच पाकीट खाद्यात घाला. किलोभर खाद्याला १० ग्रॅम पूड चोळली, वर थोडं तेल लावून सावलीत सुकवली, तर खाद्याच्या प्रत्येक ग्रॅमला एक कोटी जीवाणू चिकटतात आणि थेट झिंग्याच्या तोंडी जातात. त्याच पैशांत हा फरक पडतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिला खर्च खाद्यातल्या जीवाणूंवर करा आणि पिल्लं तळ्यात उतरायच्या दिवसापासून करा. पाण्यात टाकायचेच असतील तर तळं भरताना, स्थानिक वस्ती अजून जमायची असताना टाका, सकाळी ऊन वर आल्यावर आणि एअरेटर चालू ठेवून टाका. रोग दिसल्यावर पाकीट ओतणं म्हणजे नासलेल्या दुधात विरजण घालणं आहे.

वर्ध्याच्या हवामानाचंही बघायला हवं. झिंग्याला २८ ते ३१ अंशांचं पाणी मानवतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तळी आटतात, आणि हिवाळ्याच्या रात्री पाणी इतकं थंड होतं की झिंगा खाणं सोडतो. म्हणजे पावसाळ्यात तळं भरल्यापासून थंडी कडक होईपर्यंतचे चार-पाच महिने हाच हंगाम. एवढ्या वेळात इवलीशी पिल्लं सोडून भागत नाही, जाळीत किंवा लहान टाकीत आधी वाढवलेली सोडावी लागतात. याच संगोपनाच्या काळात, थोड्या पाण्यात आणि मोजक्या खाद्यात, प्रोबायोटिकचा पैसा सर्वांत जास्त वसूल होतो. जागा लहान, संख्या मोजता येते, घाण काढता येते.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून आपली अनेक शेततळी प्लास्टिकच्या कागदाने मढवलेली असतात. कागदावर गाळ मुरत नाही. विष्ठा आणि उरलेलं खाद्य उतारावरून घसरून मध्यभागी साचतं, आणि झिंगा तर तळाशीच चालणारा प्राणी. अशा तळ्यात बाटलीतल्या जीवाणूंपेक्षा पाइप टाकून तळाचा काळा गाळ उपसणं जास्त कामाचं आहे. बॅसिलस गाळ पचवतो हे खरं, पण त्यासाठी त्याला प्राणवायू लागतो, आणि काळ्या, वास मारणाऱ्या गाळात तोच नसतो.

आणि कपाशी. झिंगा आणि बोंडअळी हे दोघेही संधिपाद प्राणी. जी सिंथेटिक पायरेथ्रॉईड औषधं आपण अळीवर फवारतो, ती झिंग्याच्याही मज्जासंस्थेवर त्याच पद्धतीने आघात करतात. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमचा हजारावा भाग एवढी मात्राही अनेक कवचधारी जलचरांना मारू शकते. धुऱ्यावरून वाहून आलेलं पाणी, वाऱ्याने उडालेले तुषार, पंप धुतलेली बादली, एवढं पुरतं. झिंगे एका रात्रीत मेले, सगळ्या वयाचे मेले आणि मासे मात्र जगले, तर आधी रोगाचा संशय घेऊ नका, शेजारच्या वावरात काय फवारलं ते विचारा. अशा मृत्यूवर प्रोबायोटिकचं आणखी एक पाकीट ओतायला सांगणारा माणूस कास्तकाराचं दुहेरी नुकसान करतो. या बाबतीत मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

जीवामृताविषयी मला हमखास विचारलं जातं. विदर्भात नैसर्गिक शेती करणारे अनेक जण आहेत, आणि शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं ते आंबवण तळ्यात घातलं तर काय, असा त्यांचा प्रश्न असतो. जमिनीत त्याचे गुण कसे आहेत हा वेगळा विषय. तळ्यात मात्र त्यातून येतात कोणते आणि किती जीवाणू हे माहीत नसतं, शिवाय अमोनिया आणि प्राणवायू खाणारा सेंद्रिय भार हमखास येतो. माहीत असलेला एक जीवाणू गुळाच्या पाण्यात, तांदळाच्या कोंड्यावर वाढवून वापरण्याची रीत किनाऱ्यावरच्या तळ्यांवर आहे. तिच्यातही धोका एवढाच की स्वच्छता सुटली तर पिंपात भलतंच वाढतं आणि वासावरून ते ओळखता येत नाही.

हे सगळं ऐकून तुम्ही विचाराल, पाकिटात खरंच काय आहे हे कळायचं कसं? माझ्या मते वर्ध्याने इथेच काम करायला हवं, आणि ते याच गावाच्या परंपरेतलं आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत काम करू लागले. घाणी, हातकागद, मधमाशापालन, हातसडीचा तांदूळ, यांतलं काहीही त्यांनी केवळ श्रद्धेवर सोडलं नाही. तेल किती निघतं, पोषण किती उरतं, कष्ट किती पडतात, याच्या नोंदी झाल्या. गावातल्या धंद्यालाही प्रयोगशाळा लागते हे त्यांनी तेव्हा दाखवलं. झिंगा मगनवाडीच्या कार्यक्रमात बसला नसता, हे मी जाणतो. पण जे ढिवर, भोई कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगली आणि ज्यांच्या नदीतला झिंगा धरणांनी समुद्रापासून तोडला, त्यांच्या धंद्याला ती शिस्त मिळणं कुमारप्पांच्या विचाराला धरूनच आहे.

आणि काम अवघड नाही. इथल्या विज्ञान महाविद्यालयातल्या बी.एस्सी.च्या मुलांना ते जमेल. पाकिटातली एक ग्रॅम पूड नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात ढवळा. ते ८० अंशांवर दहा मिनिटं तापवा, म्हणजे बॅसिलसचे टिकाऊ बीजाणू उरतील आणि बाकीचे मरतील. मग ते पाणी दहापट, पुन्हा दहापट असं विरळ करत न्या. पहिली धरून एकूण सहा पायऱ्या झाल्यावर त्यातला मिलिलिटरचा दहावा भाग पोषक अगरच्या थाळीवर पसरा आणि एक-दोन दिवस उबेत ठेवा. पाकिटावरचा १०० कोटींचा दावा खरा असेल तर थाळीवर शंभराच्या आसपास ठिपके उठतील. दहाच उठले तर कास्तकाराने दहापट पैसे दिले, आणि एकही उठला नाही तर त्याने नुसता स्टार्च विकत घेतला. ठिपक्यांवरून जात कळत नाही. त्यासाठी, आणि एरोमोनासच्या थाळीवर हा जीवाणू खरंच जंतूला रोखतो का हे बघण्यासाठी, नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयाची मदत घ्यावी. नुसती संख्या तर इथेच कळेल.

दुसरी विनंती, ज्यांच्याकडे दोन सारखी तळी आहेत अशा कास्तकारांना. एकाच दिवशी, एकाच पिशवीतलं, तपासलेलं बीज मोजून दोन्हींत सोडा. खाद्य तेच ठेवा, एकात जीवाणू चोळलेलं आणि दुसऱ्यात फक्त तेल चोळलेलं. पहाटेचा प्राणवायू, दर पंधरवड्याचं वजन, मेलेले झिंगे आणि काढणीला उरलेले, एवढं वहीत लिहा. एका हंगामाने काही सिद्ध होणार नाही, म्हणून दोन-तीन गावांत आणि दोन-तीन पावसाळे हे चालू द्या. महाविद्यालयाने त्या वह्या गोळा कराव्यात, थाळ्यांवरची मोजणी त्यांना जोडावी, आणि फरक पडला असो वा नसो, सगळे आकडे, पाकिटावर छापलेला आकडा आणि थाळीवर आलेला आकडा शेजारी शेजारी मांडून, बीज सोडण्याच्या आधी तालुक्याच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या फलकावर लावावेत.